आमची वाटचाल : ओक ट्री रोडवरचं शिलाईचं दुकान

ओक ट्री रोडवर साड्या विकणारे पुष्कळ आले. ब्लाउज शिवून टिकलेले थोडेच, आणि त्यांत आम्ही आहोत. न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीत, आयझलिन आणि एडिसनच्या शिवेवर, २००४ पासून.

ही काउंटी १६८३ची. १७७७च्या जूनमध्ये वॉशिंग्टनचं सैन्य आणि ब्रिटिश याच भागात भिडले, ओक ट्री तळ्याकाठची जागा त्या लढाईची म्हणून जपली आहे. थॉमस एडिसनचा १८७९चा विजेचा दिवा मेन्लो पार्कात लागला, तेही इथून जवळच. आम्हाला मात्र जवळचा वाटतो तो शेजारच्या काउंटीतला, एलिझाबेथचा सिंगर कारखाना. १८७३ ते १९८२ तिथं शिलाई मशीनं बनली.

शेजारच्या मेटचन गावच्या आमच्या एका गिऱ्हाईक बाईंची आई त्याच कारखान्यात कामाला होती. तिचं सिंगर २०१ घेऊन बाई पहिल्यांदा आल्या. या मशीनला पट्टा नाही, मोटर थेट गिअरवर. ह्यांनी मोटरमधलं वाळलेलं ग्रीस काढलं, वायरी बदलल्या, धाग्याचं टेन्शन बसवलं. बाईंनी टाका उलटसुलट बघितला आणि दुसऱ्याच आठवड्यात पडदे घेऊन आल्या. नंतर आम्हीही एक २०१ मिळवलं. आमच्याकडे मिनिटाला ५५०० टाके घालणारं ज्यूकी मशीन आहे, पण पैठणीच्या काठाची बाही मी सिंगरवरच लावते.

आता २०११ सालाबद्दल. आमच्याकडे पिको-फॉल शिकलेली, मुंढ्याचा उतार माझ्याच खडूनं काढायला शिकलेली बाई काम सोडून गेली आणि चार दारं सोडून तिनं गाळा घेतला. धंदा ज्यानं त्यानं करावा, त्याला माझी ना नाही. पण जाताना तिनं आमच्या मापांच्या वहीचे फोटो काढून नेले होते. कळलं ते गिऱ्हाइकांकडून. ‘तिला माझं माप ठाऊकच होतं, टेप लावावीच लागली नाही,’ असं एकीनं मला सहज सांगितलं. त्या वहीत सात वर्षांचं काम होतं. कुणाचा डावा खांदा उतरता, कुणाचं ऑपरेशन झालेलं, कुणाला हूक मागे चालत नाहीत, सगळं लिहिलेलं.

दर आमच्या निम्मे. निम्म्या दरात शिवायचं तर शिवणीत माया, म्हणजे आत सोडायचं जादा कापड, ठेवायची नाही आणि अस्तर भिजवायचं नाही. कोरं अस्तर तसंच लावलं की पहिल्या धुण्यात आटतं आणि वरचं कापड फुगून बसतं. हे गिऱ्हाइकाला सहा महिन्यांनी कळतं, आणि दुकानाचं भाडं दर महिन्याला द्यावं लागतं. त्याच वर्षी मालकानं मालमत्ता कराचा वाढलेला वाटा आमच्यावर टाकला. इथले गाळे ट्रिपल नेटवर असतात. कर, विमा, देखभाल सगळं भाडेकरूच्या माथी, आणि न्यू जर्सीचा मालमत्ता कर साऱ्या देशात सगळ्यात चढ्यांपैकी. नव्यानं गाळा घेणाऱ्यांनी मागच्या तीन वर्षांची बिलं मागून बघावीत, आणि देखभालीच्या खर्चाला वरची मर्यादा करारात लिहून घ्यावी. तोंडी शब्दावर राहू नये.

माझ्या पाटल्या याच रस्त्यावर मोडल्या. त्या हिवाळ्यात गणपतीपर्यंत दुकान उघडं राहील असं ह्यांनाही वाटत नव्हतं.

मेटचनच्या बाई नातीचा प्रॉमचा, म्हणजे शाळेतल्या मोठ्या नाच-समारंभाचा, गाऊन घेऊन आल्या. मागोमाग नातीच्या मैत्रिणी आल्या, मग त्यांच्या आया. मे-जूनमध्ये आपल्याकडे काम कमी, तेव्हा गाऊनच्या कंबरा घेणं आणि घेर वर दुमडणं यावर आम्ही भाडं भरलं. बाईंनी एकदाही दर विचारला नाही. हे मी कधी विसरणार नाही.

पुढं धंदा सरळ चालला. २०२०ची टाळेबंदी सगळ्यांवरच आली. २०२२ला अटलांटिक सिटीत बृहन्महाराष्ट्र मंडळाचं, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या संघटनेचं, अधिवेशन झालं, तेव्हा शिवलेल्या नऊवाऱ्यांसाठी रात्री जागवल्या. नऊवारीचा कासोटा बसल्यावर ओढला जाता कामा नये, म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवूनच शेवटचं माप घेतो. सगळ्यांनी तसंच घ्यावं.

चार दारांपलीकडच्या त्या गाळ्यात आता नेल सलून आहे. तिथून शिवलेले ब्लाउज अजून कुणी ना कुणी सैल करायला आणतं. उसवलं तर आत सोडायला कापडच नसतं. काखेत पट्टी घालून आम्ही ते बसवून देतो, आणि पूर्ण दर घेतो.