उणे एकशे सात कोटी किलो

गळीत हंगाम ऐन भरात होता. जानेवारीतल्या एका रात्री लातूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या काट्यावरून फोन आला. "साहेब, गाडी काट्यावर हाय आन् वजन उणे एकशे सात कोटी दावतंय. लोकं म्हणायलेत, काटा मारला."

सॉफ्टवेअर मी लिहिलेलं. ऊस उत्पादकाचा वर्षभराचा घाम त्या एका आकड्यात मोजला जातो, त्यामुळे 'काटा मारला' हे शब्द मला फार लागले. लगेच लातुरातून निघालो.

क्लार्कनं स्क्रीनचा फोटो पाठवला होता: -१०७३७४१५३६. मागच्या आठवड्यातही एकदा असंच झालं होतं, तेव्हाचा आकडा त्यानं वहीत टिपून ठेवला होता. जुळवून पाहिला, तर अगदी तोच! मेमरी कशीही बिघडली असती तर आकडा दर वेळी वेगळा आला असता. हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या आकड्यांत केला, तर निघाला सी००००१२०. विंडोजच्या भाषेत स्टेटस कॅन्सल्ड, म्हणजे 'विनंती रद्द झाली'. वजनाच्या जागी कर्नलचा, म्हणजे विंडोजच्या गाभ्याचा, निरोप येऊन बसला होता.

काट्याचं वजन कॉम्प्युटरमध्ये सीरियल पोर्ट नावाच्या जोडणीतून येतं. ते वाचन आम्ही असिंक्रोनस करतो, म्हणजे विनंती आधी द्यायची, निकाल मागाहून येतो. बफरचा (आलेले बाइट ठेवायची जागा) आणि ओव्हरलॅप्ड स्ट्रक्चरचा (विनंतीचा निकाल लिहायची जागा) मेमरीतला पत्ता विंडोजला द्यायचा आणि वाट बघायची. ट्रॅक्टर-ट्रॉली हलत असेपर्यंत आमचा इंडिकेटर, म्हणजे काट्याचं वजन दाखवणारं यंत्र, गप्प असतो. अर्ध्या सेकंदात काही आलं नाही की माझा कोड विनंती रद्द करायला सांगणारं विंडोजचं फंक्शन, कॅन्सलआयओईएक्स, बोलवायचा आणि फंक्शनमधून बाहेर पडायचा. चूक तिथंच होती. कॅन्सलआयओईएक्स फक्त 'थांबा' म्हणून सांगतं. ते परत आलं म्हणजे विनंती संपली असं नाही. पोर्ट चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, ती पूर्ण करेपर्यंत दोन्ही पत्ते कर्नलकडेच असतात. माझं ओव्हरलॅप्ड मात्र स्टॅकवरचं, म्हणजे फंक्शन चालू असेपर्यंतच त्याच्या मालकीच्या मेमरीतलं, लोकल व्हेरिएबल. फंक्शन संपलं की ती जागा पुढच्या फंक्शनची, आणि तिथंच वजन ठेवलेलं. उशिरा आलेला निकाल कर्नलनं मी दिलेल्या पत्त्यावर बिनचूक लिहिला.

मग इतके हंगाम काही झालं कसं नाही? जुन्या कॉम्प्युटरला स्वतःचा सीरियल पोर्ट होता, तिथं रद्द करणं जागच्या जागी उरकायचं. यंदाच्या नव्या मशीनला यूएसबी कन्व्हर्टर लावला होता आणि त्याचा ड्रायव्हर वेळ घ्यायचा.

दुरुस्ती दोन ओळींची. रद्द करायला सांगितल्यावर निकाल विचारणाऱ्या गेटओव्हरलॅप्डरिझल्ट या फंक्शनला शेवटचा पॅरामीटर ट्रू (म्हणजे 'थांब') देऊन निकाल येईपर्यंत थांबायचं. आलेला निकालही नीट बघायचा. ९९५ हा एरर कोड आला तर वाचन खरोखर रद्द झालं. पण कधी कधी आपण थांबा म्हणतो त्याच क्षणी वजन येऊन पडलेलं असतं. कॅन्सलआयओईएक्स तेव्हा ११६८, म्हणजे 'रद्द करायला काही सापडलं नाही', असं सांगतं आणि वाचन यशस्वी ठरतं. ते बाइट खरे असतात, कोणाच्या तरी उसाचं खरं वजन असतं. ते फेकून कसे द्यायचे?

पहाटे चारला नवी प्रत चढवली. गाड्यांची रांग गेटबाहेर गेली होती. अडकलेल्या गाडीचा मालक, डोक्याला मफलर गुंडाळलेला म्हातारा, काट्याच्या खिडकीशी उभा होता. त्याला सगळं समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मंजी चूक तुमची. मग तेवढं लिहून द्या."

पावतीच्या मागं लिहून सही केली. गाडी परत काट्यावर घेतली.