शेजाऱ्याचं सांडपाणी, आपला समुद्र

माझ्या मते फिनलंडने बाल्टिक समुद्रासाठी जो सगळ्यात शहाणपणाचा पैसा खर्च केला तो फिनलंडमधे खर्च झालाच नाही, तो झाला रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या सांडपाण्यावर. हेलसिंकीत राहायला आल्यावर हे कळलं तेव्हा मला फार भारी वाटलं होतं, आणि गेल्या काही वर्षांत जे चाललंय ते बघून तेवढंच वाईट वाटतं, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय.

आधी हा समुद्र कसा आहे ते सांगते. मुंबईहून आलेले पाहुणे किनाऱ्यावर उभं राहून पहिलं विचारतात की भरती कधी येते, तर इथे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. सरासरी खोली जेमतेम ५५ मीटर. पाणी मचूळ, ना धड खारं ना धड गोडं, कारण नद्यांचं गोडं पाणी भरपूर येतं आणि उत्तर समुद्राकडून खारं पाणी यायची वाट म्हणजे डेन्मार्कजवळच्या चिंचोळ्या सामुद्रधुनी. अरुंद तोंडाच्या सुरईतलं पाणी जसं पटकन बदलता येत नाही तसंच आहे हे, सगळं पाणी बदलायला अंदाजे ३० वर्षं लागतात. आणि पाणलोट क्षेत्र समुद्राच्या चौपट मोठं, १४ देशांत पसरलेलं, साडेआठ कोटींच्या आसपास लोकवस्ती. म्हणजे पोलंडमधल्या एखाद्या शेतात टाकलेलं खत पावसाबरोबर विस्तुला नदीत गेलं की ते पुढे सगळ्यांचंच झालं.

खताच्या गोणीवर आपण नत्र, स्फुरद, पालाश वाचतो ना, त्यातलं नत्र आणि स्फुरद हीच इथली खरी डोकेदुखी. सांडपाण्यातून आणि शेतातून ते समुद्रात येतं, त्यावर शेवाळ माजतं, ते मरून तळाशी जातं, तिथे ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो, आणि ऑक्सिजन संपला की तळाच्या चिखलात अडकून बसलेलं जुनं स्फुरद सुटून परत पाण्यात येतं. म्हणजे आज सगळे नळ बंद केले तरी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा माल वर येतच राहणार. तळाचा ऑक्सिजन कमी झालेला भाग आज डेन्मार्क देशापेक्षा मोठा आहे.

उन्हाळ्यात आठवडाभर वारा पडला आणि ऊन तापलं की हे डोळ्यांनी दिसतं. पाण्यावर हिरवट-पिवळा थर येतो आणि पोहायच्या जागी नगरपालिकेचा इशारा लागतो. इथली शाळकरी पोरंसुद्धा काठी घेऊन तपासतात, काठी पाण्यात घालून उचलायची, तंतू काठीला लटकून आले तर साधं शेवाळ, आणि काठी तशीच वर आली आणि थर बारीक कणांत विखुरला तर ती निळी-हिरवी विषारी जात असण्याची शक्यता. अजून शंका असेल तर ग्लासभर पाणी तासभर ठेवून बघायचं, हिरवे कण वर तरंगून आले तर पोहायला उतरायचं नाही, आणि कुत्र्याला तर ते पाणी चाटूसुद्धा द्यायचं नाही कारण त्यातलं विष यकृतावर जातं.

आता मला ज्याचं सगळ्यात कौतुक आहे ते. साल १९७४, शीतयुद्ध चालू, किनाऱ्याचा एक भाग सोव्हिएत गटाचा, एक भाग नाटोचा, मधे स्वीडन आणि फिनलंड. तरी सात देश हेलसिंकीत एकत्र बसले आणि करार केला, त्यात पूर्व जर्मनी आणि पश्चिम जर्मनी दोघांच्या वेगवेगळ्या सह्या आहेत! एका अख्ख्या समुद्राचं सगळ्या प्रकारचं प्रदूषण एका करारात आणायची जगातली ही पहिली वेळ. करार परिपूर्ण नव्हता, देशांचं किनाऱ्यालगतचं अंतर्गत पाणी त्यातून वगळलेलं होतं, आणि गटारं तर तिथेच येऊन मिळतात. ते पाणी करारात आलं १९९२ च्या नव्या मसुद्यात, सोव्हिएत युनियन फुटल्यावर. आता नऊ देश आणि युरोपियन युनियन असे सदस्य आहेत, हेलकॉम नावाचा आयोग आहे, तो शिफारशी करतो त्या एकमताने, आणि कायद्याने बंधनकारक नसतात. यावर लोक नाक मुरडतात, मला मात्र वाटतं की सक्तीची अट असती तर १९७४ मधे कोणी आलंच नसतं.

पहिल्याच करारात डीडीटी हे कीटकनाशक आणि पीसीबी ही विजेच्या उपकरणांत वापरली जाणारी विषारी रसायनं यांवर बंदी होती. डीडीटीमुळे समुद्री गरुडांच्या अंड्यांची कवचं इतकी पातळ व्हायची की उबवतानाच फुटायची, सत्तरच्या दशकात पक्षी संपायच्या बेतात होता. आज तो इथल्या बेटांवर आरामात दिसतो.

आणि पीटर्सबर्ग. सुमारे ५० लाखांचं शहर, आणि १९७८ पर्यंत तिथलं सगळं मैलापाणी प्रक्रिया न करता नेव्हा नदीत आणि तिथून फिनलंडच्या आखातात. फिनलंड आणि स्वीडनने विचार केला की आपल्याकडच्या सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटमधे शेवटचे दोन टक्के साफ करायला जेवढा खर्च येईल त्याच पैशात तिकडे कितीतरी जास्त घाण अडेल, समुद्र तर एकच आहे. मग कर्जं, अनुदानं, तज्ज्ञ सगळं जुळवून नैऋत्य भागातला प्लांट २००५ मधे सुरू झाला, उद्घाटनाला पुतिन, फिनलंडच्या राष्ट्राध्यक्ष तार्या हालोनेन आणि स्वीडनचे पंतप्रधान योरान पेर्शोन तिघेही हजर होते. जॉन नुर्मिनेन फाउंडेशन या फिनिश संस्थेने शहरातल्या प्लांटमधे रसायन घालून स्फुरद गाळात बसवायची सोय करायला मदत केली. २०१३ पर्यंत शहराचं ९८ टक्के सांडपाणी प्रक्रिया होऊन बाहेर पडायला लागलं.

त्याच काळात रशियातून आखातात येणाऱ्या लुगा नदीच्या पाण्यात स्फुरद भयंकर जास्त निघालं. कुठून येतंय शोधत शोधत गेले तर किंगिसेप गावाजवळच्या खत कारखान्याच्या कचऱ्याच्या ढिगाऱ्यातून गळती होत होती. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी बोलून ती थोपवली. नमुने घेतले नसते तर आखातात येणारं एवढं स्फुरद कोणाला कळलंच नसतं.

शेतीचं मात्र अजून जमलेलं नाही हे स्पष्ट लिहायला हवं. प्लांटला एक पाइप असतो, शेतातून पाणी हजार ठिकाणांहून झिरपतं, आणि शेतकऱ्याला दुखवायची कुठल्याच सरकारची तयारी नसते. २००७ मधे पोलंडच्या क्राकोमधे हेलकॉमच्या देशांचं ठरलं की २०२१ पर्यंत समुद्र चांगल्या स्थितीत आणू. नाही आणला. ल्युबेकमधे नवी योजना केली, आता मुदत २०३०. फिनलंडमधे नैऋत्य किनाऱ्याकडच्या शेतांवर हेक्टरी चार टन जिप्सम पसरतात, त्याने माती धरून राहते आणि वाहून जाणारं स्फुरद जवळपास निम्मं होतं. मला हा उपाय आवडतो कारण शेतकऱ्याचं पीक न बुडवता होतो.

२०१४ मधे रशियाने युक्रेनचा क्रिमिया ताब्यात घेतला, त्याच वर्षी फिनलंड, एस्टोनिया आणि रशिया मिळून फिनलंडच्या आखाताचं खास वर्ष साजरं करत होते, ते काम थांबलं नाही. २०२२ मधे थांबलं. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर बाकीच्यांनी रशियाबरोबरच्या अधिकृत बैठका थांबवल्या, एकत्र प्रकल्प बंद पडले. रशिया कागदोपत्री अजून सदस्य आहे, बाकीचे आपापसात बसून काम पुढे नेतात. हे थांबवणं चूक होतं असं मी अजिबात म्हणत नाही, काहीच झालं नाही असं दाखवून एका टेबलावर बसणं शक्यच नव्हतं. पण पीटर्सबर्गचे प्लांट रोज चालावे लागतात, रसायन रोज पडावं लागतं, आणि ते पडतंय का हे बाहेरच्या कोणीतरी बघावं लागतं. म्हणून युद्ध थांबेल तेव्हा मोठ्या परिषदा आणि फोटो नंतर झाले तरी चालतील, आधी नेव्हा आणि लुगाच्या मुखाशी दोन्हीकडच्या लॅबच्या माणसांनी एकत्र नमुने घ्यायला परत सुरुवात करावी एवढीच माझी मागणी आहे.