रिपोर्टमध्ये पोरगी मंद निघाली

रविवारी मैदानावर फक्की मारून झाली होती, मुलं वॉर्मअपच्या फेऱ्या मारत होती आणि पॅव्हेलियनच्या पायऱ्यांवर एका मुलीचे आई-वडील माझी वाट बघत थांबले होते. वडिलांच्या हातात प्लास्टिकचं फोल्डर. फी भरायला आले असतील असं वाटलं. त्यांनी फोल्डर पुढे केलं, तर आत पोरीच्या जनुकांचा रिपोर्ट. थुंकीचा नमुना कुरिअरने पाठवायचा, काही हजार रुपये भरायचे, की रंगीत पानं घरपोच येतात. प्रत्येक पानावर एक अर्धगोल तबकडी आणि तिच्यावर काटा. वेगाच्या पानावर काटा लाल पट्ट्यात होता, दमसासाच्या पानावर हिरव्या. खाली ठळक अक्षरांत सल्ला: लांब पल्ल्याचे खेळ निवडावेत.

"मॅडम, हिला शंभर-दोनशेतून काढा आणि लाँग डिस्टन्सला टाका. उगाच वर्षं वाया नकोत."

पोरगी बारा वर्षांची. शालेय स्पर्धांत चौदा वर्षांखालील गटाला सर्वांत लांब शर्यतच 600 मीटरची असते, तेव्हा लाँग डिस्टन्स आणायचं कुठून? हे मनातच ठेवलं. "आधी तिची प्रॅक्टिस होऊ दे, मग बसून बोलू," म्हटलं आणि मुलांना ड्रिल्स लावून पानं चाळली.

मुद्द्याचं पान एकच होतं, एसीटीएन-3 नावाच्या जनुकाचं. या जनुकापासून अल्फा-ॲक्टिनिन-3 हे प्रथिन बनतं आणि ते झटक्यात आकुंचन पावणाऱ्या स्नायुतंतूंत असतं. स्प्रिंटरचं भांडवल म्हणजे हेच तंतू. जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. दोन्ही प्रतींत एक ठरावीक बदल असला की हे प्रथिन बनतच नाही. अशा माणसाला 'एक्स-एक्स' म्हणतात, आणि पोरगी तशीच निघाली होती. तो काही आजार नव्हे. जगात साधारण पाचातला एक माणूस असा असतो आणि त्याला जन्मभर त्याचा पत्ताही नसतो.

"असल्या रिपोर्टांत काही अर्थ नसतो हो," असं म्हणून मला त्यांना वाटेला लावता आलं असतं. आमच्यातले बरेच कोच तेच करतात. पण ते खरं नाही. 2003 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हेच जनुक तपासलं होतं. सर्वसाधारण लोकांत 18 टक्के एक्स-एक्स निघाले, वेग आणि ताकदीच्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंत फक्त 6 टक्के, आणि त्यांतल्या ऑलिम्पिकपर्यंत पोचलेल्यांत एकही नाही. म्हणजे जगातल्या सर्वांत वेगवान आठ जणांच्या रांगेत उभं राहायचं तर हे पान महत्त्वाचं ठरू शकतं. तरीही स्पेनचा एक लांबउडीपटू एक्स-एक्स असून ऑलिम्पिक खेळला, आठ मीटरच्या पुढे उडी मारत होता. माणसामाणसांच्या स्नायूंच्या कामगिरीत जो फरक दिसतो, त्यातला दोन-तीन टक्केच या एका जनुकाच्या खात्यावर जातो. आणि गुणवान मूल हेरायला किंवा त्याचा सराव ठरवायला असल्या घरपोच चाचण्या वापरू नयेत, हे या विषयातल्या तज्ज्ञांनी 2015 साली एकत्र बसून लिहून ठेवलं आहे. रंगीत पानांत ते कुठेच नव्हतं.

ड्रिल्स संपल्यावर वडिलांना विचारलं, "पण ही टेस्ट आत्ताच का करावीशी वाटली?"

ते बँकेत आहेत. मोबाइलवर तक्ता उघडून दाखवला. पोरीच्या 100 मीटरच्या सगळ्या वेळा तारखांसकट. सहा महिने वेळ जागच्या जागी, उलट दोनदा वाढलेलीच. "प्रॅक्टिस तर चुकवत नाही. मग जीन्समध्येच नसणार, दुसरं काय?"

मी स्टोअररूममधून माझी वही आणली. दर महिन्याला आम्ही पोरांची उंची भिंतीला टेकवून मोजतो. वर्षभरात ही आठ सेंटिमीटर वाढली होती, त्यातली बरीचशी याच सहा महिन्यांत. मुलींची उंची साधारण या वयात सर्वांत झपाट्याने वाढते. हाडं आधी लांब होतात, स्नायू आणि ताकद मागून येते. तोवर पायांचा ताळमेळ बिघडतो, स्टार्ट घेताना गुडघे कुठे जातात ते पोरीलाच कळत नाही. अशी पोरं मला दरवर्षी भेटतात. काही जणी तेवढ्यात मैदान सोडून जातात, त्यांचं मला जास्त वाईट वाटतं.

वडिलांचा विश्वास बसेना. मग त्यांच्याच हातात स्टॉपवॉच दिलं. उभी लांब उडी घेतली तर सहा महिन्यांपूर्वीपेक्षा बरीच पुढे. म्हणजे झटका शाबूत होता. ब्लॉकमधून 30 मीटर पळवलं तर पहिल्या पाच पावलांतच वेळ गेलेला. हे आकड्यांत बघितल्यावर गृहस्थ जरा गप्प झाले. पण बँकेतले. म्हणाले, "एक सहाशे पण घेऊ या ना." घेतली. पोरगी पहिली फेरी जोरात गेली आणि शेवटचे दीडशे मीटर ओढत आली. येऊन ट्रॅकवरच आडवी झाली आणि म्हणाली, "पप्पा, हे मला परत नको."

एका सहाशेवरून दमसास ठरत नाही, हे मलाही कळतं. त्यांना मी पुढचंही सांगितलं, कारण अर्धवट सांगितलं असतं तर घरी जाऊन त्यांनी मोबाइलवर भलतंच वाचलं असतं. अमेरिका-कॅनडात शेकडो माणसांना वीस आठवडे अगदी सारखाच सायकलिंगचा सराव दिला होता. काहींची ऑक्सिजन वापरायची क्षमता मिनिटाला एक लिटरहून जास्त वाढली, काहींची जवळपास हललीच नाही. एकाच घरातल्या माणसांची इतर घरांतल्यांशी तुलना केली तर त्या फरकातला निम्म्याच्या आसपास भाग आनुवंशिक निघाला. म्हणजे सरावाचं फळ किती मिळणार, यातही आईबापांचा वाटा असतो. पण तो एका जनुकात सापडत नाही, अनेकांत विखुरलेला असतो. त्यामुळे तो बघायला सराव देऊन वाट पाहण्यावाचून मला तरी दुसरा उपाय माहीत नाही.

"म्हणजे शेवटी रक्तातच असावं लागतं. आमच्याकडे तर कोणी कधी खेळलेलंच नाही."

इतका वेळ केळी आणि पाण्याची बाटली घेऊन बसलेल्या आईने मान वर केली. "मी खेळायचे की. खो-खो. युनिव्हर्सिटीपर्यंत."

नवरा बघतच राहिला. लग्नाला पंधरा-एक वर्षं झाली असतील. "सूर मारून गडी टिपायचे मी," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "गुडघ्यावर खूण आहे अजून." मी त्यांना सांगितलं, पोरीच्या दोन्ही प्रती तशा आहेत, म्हणजे एक तरी तशी प्रत तुमच्याकडे असणारच. त्या हसल्या. "मग माझाही रिपोर्ट काढून घ्या. काटा कुठे जातो बघू."

रक्ताचा विषय निघाला म्हणून शेजारच्या कर्नाटकातली गोष्ट सांगितली. 1987 साली भारतीय क्रीडा प्राधिकरणाने उत्तर कन्नड भागातली सिद्दी मुलं निवडून अॅथलेटिक्सच्या सरावाला आणली. पूर्वज आफ्रिकेतले, तेव्हा पोरं पळणारच, हा हिशोब. कमला सिद्दीसारखी खेळाडू त्यातून देशपातळीवर चमकली. पण 1993 मध्ये योजनाच बंद झाली आणि बहुतेक पोरं गावी परतली. त्यांच्या रक्तात काय होतं ते कोणाला तपासताच आलं नाही, कारण सराव मध्येच थांबला.

गृहस्थांनी लगेच दुसरं टोक गाठलं. "म्हणजे मेहनतच सगळं. आपला अविनाश साबळे बघा, सहा किलोमीटर शाळेत चालत जायचा."

हे उदाहरण आमच्याकडे भाषणांत फार वापरतात. साबळेने 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीत, 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्य जिंकलं, त्याबद्दल आदर आहेच. पण आष्टी तालुक्यातल्या त्याच रस्त्यांनी शाळेत चालत जाणारी बाकीची पोरंही होती ना? आणि साबळेला तरी स्टीपलचेस कुठे माहीत होती? सैन्यात गेल्यावर, विशीच्या पुढे, तो खऱ्या अर्थाने पळायला लागला. बाराव्या वर्षी त्याचा रिपोर्ट काढून कोणी काय ठरवलं असतं कोण जाणे.

शेवटी ठरलं ते असं. उंचीचा वेग मंदावेपर्यंत तिच्या 100 मीटरच्या वेळा तक्त्यात भरायच्या नाहीत. वजन उचलणं नाही, उड्या मोजक्याच, ताळमेळाची ड्रिल्स रोज, टाच किंवा गुडघा दुखला की सुट्टी. वडिलांनी हे सगळं मोबाइलवर लिहून घेतलं. तक्त्याचं खूळ त्यांचं गेलेलं नाही, आता ते उंची भरतात.

जिल्हा स्पर्धेत पोरगी 200 मीटरला पाचवी आली. पहिली आलेली मुलगी त्याच गटातली, पण वर्षभराने मोठी आणि वाढ आटोपलेली. वडील निकालपत्रक बघत होते, मी मात्र तिची पावलं बघत होते. पाय लांब झालेत आणि आता ते थोडे तिच्या ताब्यातही येऊ लागलेत. पुढच्या मोसमात तिला 80 मीटर अडथळ्यांना उतरवायचा विचार आहे. आईला पटलंय, वडील अजून विचारतात की अडथळ्यांसाठी वेगळी टेस्ट असते का.