हरिहरेश्वरची ओहोटी आणि अर्धी गोधडी

आज चतुर्थी, म्हणून सकाळीच कोकणातल्या हरिहरेश्वरची प्रदक्षिणा; तिची वाट समुद्रालगतच्या कड्याखालून जाते, म्हणून ओहोटीच गाठावी लागते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते: चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, सहा तासांनी नऊला ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. आठला पायऱ्या उतरलात तर जाळीदार झिजलेला तो कडा निवांत बघता येतो. पाणी चढायला लागलं की मात्र मागे फिरायचंच, कारण कडा आणि लाट यांच्यामध्ये उभं राहायला जागा उरत नाही. हिरवट खडकावर पाय टाकू नका, शेवाळावरून चप्पल सरकतेच.

दुपारपासून गोधडी. जुनी सुती लुगडीच घ्यावीत. नवं कापड न धुता घातलं तर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि सगळी गोधडी चुण्या धरते. थर ताणून अंथरायचे, वीत-वीत अंतरावर कच्चे टाके घालायचे, मग कडेपासून आत धावदोरा. दोरा हातभरच, लांब घेतला की गुंता होतो. सिंथेटिक साडी नकोच, थर आतल्या आत सरकतात.

उद्या पंचमी, ओहोटी दहाच्या आसपास. तोवर गोधडीच्या धावदोऱ्याच्या दोन फेऱ्या होतील.