दारामागचा तांब्या

काल रात्री साडेअकराला लाइट गेली. बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये मिट्ट काळोख. मेणबत्ती घेऊन वरच्या काकूंकडे गेले. दार वाजवलं तर आत काहीतरी खणकन पडलं, मग चिडीचूप. "काकू, मी खालची," असं तीनदा सांगितल्यावर कडी निघाली.

पडला होता तो स्टीलचा तांब्या. रोज झोपताना त्या दाराला स्टूल लावतात, त्याच्या अगदी काठावर तांब्या, त्यात दोन चमचे. कोणी दार ढकललं तर जाग यावी म्हणून. हात बर्फासारखे गार पडले होते त्यांचे.

एक मुलगा पुण्याला, एक बेंगळुरूला. "चोराची नाही गं भीती. रात्री मला काही झालं तर सकाळी दूधवाल्यालाच कळणार की!" टीव्ही रात्रभर बारीक चालू ठेवतात. कानडी असो, मराठी असो, घरात माणसाचा आवाज पाहिजे.

शहापूरला माझ्या आजोळी भिंतीला भिंत होती. कोणाला ठसका लागला तरी शेजारून हाक यायची.

काकूंच्या फोनमध्ये तातडीच्या मदतीचा ११२ आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ सेव्ह करून दिला. (टेली-मानस २०२२ पासून आहे. मोफत, चोवीस तास. मन घाबरलं तर रात्री दोनलाही बोलता येतं. तुमच्या घरच्यांनाही देऊन ठेवा.) पण त्यांनी आधी मागितला तो माझा नंबर. चार वर्षं वर-खाली राहतोय आम्ही. फार लाज वाटली.

पाऊणला लाइट आली, तरी बसून राहिले. आज सकाळी त्यांनी घराची एक किल्ली माझ्याकडे आणून दिली.