रेड कार्ड घ्यायचं की सॉफ्टवेअर रेड पुरेल?

लग्नसराई आली की सांगलीतल्या फोटो स्टुडिओंच्या डिस्क भरतात. ८ टीबीच्या चार डिस्क घ्यायचं ठरतं आणि पुढचा प्रश्न येतो: सोबत रेड कार्ड घालायचं का? रेड (RAID) म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून, एखादी बिघडली तरी डेटा वाचावा अशी केलेली मांडणी. ती एक वेगळं कार्ड सांभाळतं किंवा पीसीतलं सॉफ्टवेअर. माझं मत स्पष्ट आहे. स्टुडिओ, सीएचं ऑफिस, मार्केट यार्डातली पेढी, यांतल्या बहुतेकांना कार्ड लागत नाही. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधलं एमडी हे सॉफ्टवेअर रेड पुरतं. कार्डाचे पैसे चांगल्या यूपीएसवर घाला.

कार्ड डिस्कवरची मांडणी स्वतःच्या पद्धतीनं लिहितं. ते जळलं तर त्याच कंपनीचं, जुळणाऱ्या मालिकेतलं कार्ड शोधावं लागतं. जुनं मॉडेल असेल तर चारही डिस्क धडधाकट असूनही काम बंद. एमडीच्या डिस्क मात्र लिनक्स असलेल्या दुसऱ्या पीसीला जोडल्या की एमडीएडीएम हा एमडी सांभाळणारा प्रोग्राम त्या ओळखून रेड पुन्हा उभं करतं. वेगाची काळजी नको. चार डिस्कची पॅरिटी, म्हणजे गेलेल्या डिस्कवरचा डेटा परत तयार करता यावा म्हणून लिहिलेली जादा माहिती, काढणं आजच्या प्रोसेसरला जड नाही. शिवाय ही कार्डं सर्व्हरमधल्या जोरदार हवेसाठी बनलेली असतात. साध्या कॅबिनेटमध्ये, त्यातही मे महिन्यात, ती भलतीच तापतात.

मदरबोर्डच्या बायॉसमधलं (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमधलं) रेड टाळाच. तेही ड्रायव्हरवर चालणारं सॉफ्टवेअर रेडच असतं, वर बोर्डाशी बांधून टाकतं.

कार्डाचा खरा फायदा बॅटरीवाल्या कॅशचा, म्हणजे डिस्कवर जायचा डेटा तात्पुरता धरणाऱ्या मेमरीचा. रेड ५ मध्ये (यात एका डिस्कइतकी जागा पॅरिटीला जाते) डेटा लिहून झाला आणि पॅरिटी लिहायच्या आत लाइट गेली, तर दोन्ही जुळत नाहीत. पुढे एखादी डिस्क गेली की त्या चुकीच्या पॅरिटीवरून चुकीचाच डेटा तयार होतो. कॅश हे अर्धवट लिखाण धरून ठेवते. पण ती बॅटरीही काही वर्षांत थकते. मग कार्ड सहसा कॅश वापरणं सोडतं आणि लिहिणं एकदम मंदावतं. यूपीएसला यूएसबी केबल असेल आणि पीसीवर तसं सेट केलं असेल तर बॅटरी उतरू लागताच पीसी आपोआप नीट बंद होतो. घरगुती इन्व्हर्टर सहसा पीसीला काहीच कळवत नाही.

कार्ड कुठे घ्यावं? ईएसएक्सआय (एका सर्व्हरवर अनेक आभासी पीसी चालवणारी सिस्टिम) चालवायचं असेल तर, कारण त्यात सॉफ्टवेअर रेड नाही. किंवा कंपनीचा सर्व्हर असून सुटे भाग देण्याचा करार असेल तर.

आता पातळी, म्हणजे रेडचा प्रकार. रेड ६ मध्ये दोन डिस्कइतकी जागा पॅरिटीला जाते, रेड १० मध्ये प्रत्येक डेटाची दुसऱ्या डिस्कवर प्रत असते. चार डिस्कवर रेड ५ मध्ये २४ टीबी मिळतात, रेड ६ आणि रेड १० मध्ये १६. तरीही रेड ५ नको. एक डिस्क बदलली की उरलेल्या तिन्ही पूर्ण वाचाव्या लागतात. सेकंदाला १५० एमबी धरले तरी साधारण १५ तास, आणि एडिटिंग चालू असेल तर कितीतरी जास्त. तेवढ्यात दुसरी डिस्क गेली की सगळं गेलं. रेडवरूनच एडिटिंग करत असाल तर रेड १०, नुसता साठा असेल तर रेड ६. त्यात कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी चालतं.

डिस्क घेताना एसएमआर (एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांत लिहिणारी) नको, सीएमआर (सुट्या पट्ट्यांत लिहिणारी) हवी. एसएमआर डिस्क रेड पुन्हा बांधताना रखडते. खराब सेक्टर (डिस्कवरचा छोटा भाग) भेटला की साधी डेस्कटॉप डिस्क मिनिटभरही झगडत बसते. लिनक्स ३० सेकंद वाट पाहून ती रीसेट करतं आणि चांगली डिस्क रेडमधून बाहेर पडू शकते. नॅससाठीच्या (नेटवर्कवरच्या साठवण पेटीसाठीच्या) डिस्कमध्ये ही मर्यादा सहसा ७ सेकंद असते. स्मार्टसीटीएल या डिस्क तपासायच्या प्रोग्रामनं ती तपासून घ्या.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून डिलीट झालेली फाइल सगळ्या डिस्कवरून एकदमच जाते. कृष्णेचं पाणी २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये शहरात शिरलं होतं, त्यामुळे एक प्रत नदीपासून लांब, मिरजेत वगैरे, वरच्या मजल्यावर हवीच.

डेटा भरण्याआधी प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर तिच्या खणावर चिकटवा, कारण लिनक्समधली डिस्कची नावं रीस्टार्टनंतर बदलू शकतात. एमडीएडीएममध्ये ईमेलचा पत्ता भरा. मग पीसी बंद करून एक डिस्क काढा, पुन्हा सुरू करा आणि मेल येतो का, काढलेली डिस्क परत जोडून रेड पूर्ववत होतं का, हे पाहूनच पहिली फाइल टाका.