फाटलेली ग्रेव्ही

दर जेवणाचा एक वाटी नमुना आम्ही झाकण लावून, तारीख लिहून फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवतो. उद्या कुणाचं पोट बिघडलं तर दाखवायला. तीन दिवस झाले की टाकून द्यायचा. मे महिन्यातल्या एका गुरुवारची मटार पनीरची वाटी मात्र मी नऊ दिवस टाकली नाही. रोज सकाळी झाकण उघडून बघायचे, वाटी तिरकी करायचे, परत ठेवायचे. आमच्या आचारी महाराजांना वाटलं, बाई कामातून गेल्या.

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे, त्याचं कॅन्टीन मी चालवते. दुपारी 420 ताटं. 1948 च्या फॅक्टरी कायद्यात अडीचशेच्या वर कामगार असले की कॅन्टीन हवंच असं कलम आलं, पण भाजीची चव कशी असावी हे कायद्यात नाही. ते कामगार ठरवतात आणि फार लवकर ठरवतात. पहिल्या दहा ताटांत निकाल लागतो.

मार्चमध्ये वार्षिक तपासणी झाली, कुणाची साखर वाढलेली, कुणाचं कोलेस्टेरॉल. कंपनीचे डॉक्टर स्वतः किचनमध्ये आले, तेलाचे डबे मोजले आणि म्हणाले, "ताई, गुरुवारच्या भाजीचं काहीतरी करा." त्यांच्याबद्दल मला आदर आहे, कारण ते भट्टीपाशी अर्धा तास घामाघूम होऊन उभे राहिले. एचआरच्या मॅडमना मात्र स्लाइडवर टाकायला एक आकडा हवा होता. भाजी त्यांनी कधी चाखलीही नाही, त्यांचा डबा घरून येतो.

आकडा काढायला बसले तेव्हा माझीच मला लाज वाटली. 420 ताटांच्या ग्रेव्हीला 8 लिटर तेल, 6 किलो काजू तुकडा, 2 किलो मगज (खरबुजाच्या सोललेल्या बिया) आणि 4 लिटर क्रीम. तेलाच्या एका ग्रॅमला 9 कॅलरी, काजूच्या शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर. सगळं मिळून ताटामागे पावणेतीनशेच्या वर कॅलरी नुसत्या या चार जिनसांच्या. पनीर, पोळ्या, भात वेगळे.

क्रीम काढून दूध घाला, काजू काढून कॉर्नफ्लोअर लावा, हे सल्ले मला तेव्हा पुष्कळ मिळाले. करून बघा एकदा. कॉर्नफ्लोअरची ग्रेव्ही चकचकते, चायनीजच्या गाडीवरच्यासारखी, आणि जिभेवर बुळबुळीत लागते. दाटपणा वेगळा आणि सायीसारखा मऊपणा वेगळा. दाट तर खळही असते. मऊपणा येतो तो बारीक कणांनी. कण इतका बारीक हवा की जिभेला तो कण म्हणून कळताच कामा नये, आणि त्याच्याभोवती थोडा स्निग्धपणा हवा. काजू हे दोन्ही एकट्यानं देतो, म्हणून तो महाग.

दीड महिना खटपट करून मी मांडणी बसवली. 20 किलो कोवळा दुधी सोलून, बिया काढून वाफवायचा आणि दीड किलो भिजवलेल्या काजूबरोबर ओल्या ग्राइंडरला वीस मिनिटं लावायचा, दहा नाही. दुधीला स्वतःची चव नाही म्हणून लोक त्याला नावं ठेवतात, मला त्याचा तोच गुण हवा होता. क्रीमच्या जागी टोन्ड दुधाचं घरी लावलेलं 16 किलो दही, त्यात फेटलेलं 800 ग्रॅम बेसन. तेल अडीच लिटर, बस्स. ताटामागे शंभराच्या जरा वर कॅलरी.

महाराजांचं आणि माझं भांडण झालं ते कांद्यावरून. तेल सुटल्याशिवाय मसाला शिजत नाही, असं त्यांचं तीस वर्षांचं म्हणणं. बरोबरच आहे, पण सुटायला आधी तेल लागतं. मी कांदा आधी वाफवून वाटला आणि कमी तेलात परतला, खाली लागायला लागला की पाण्याचा हबका, परत आटवायचा, परत हबका. सात-आठ वेळा. तेल दिसत नाही तेव्हा कानानं ओळखायचं. आधी रबरब रबरब आवाज येतो, पाणी सरलं की चरचर सुरू होते, आणि कच्चट वास जाऊन गोडसर वास येतो. पन्नास मिनिटं लागतात. महाराज दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी स्वतःच हबके मारायला उभे राहिले. अर्थात "हे माझ्या आजीचं आहे" असं म्हणत.

आणि तवंग. अडीच लिटरपैकी पाऊण लिटर तेल मी बाजूला ठेवायला लावलं. त्यात काश्मिरी मिरचीची तर्री करून वाढायच्या वेळी बेन मारीतल्या (भाजी गरम ठेवायच्या, खाली गरम पाणी असलेल्या भांड्यातल्या) भाजीवर वरून सोडायची. ताटात येतं दीड-पावणेदोन मिली, पण वर लाल तवंग नसलेली भाजी म्हणजे आजाऱ्याची भाजी, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही.

यात एक घोळ मी आधी ओळखायला हवा होता. तेल कमी, काजू कमी, क्रीम बंद म्हटल्यावर पहिली कुजबुज काय होणार? कंत्राटदारीण पैसे खातेय. युनियनचे काका थेट म्हणाले, "वहिनी, आमच्या तब्येतीचं नाव आणि तुमच्या खिशाचं काम." मी बिलांची फाइल उघडून दाखवली. वाचलेल्या पैशातून पनीर ताटामागे 25 ग्रॅमवरून 30 केलं होतं. काका फाइल बघून गप्प झाले, पटलं म्हणून नव्हे, गुरुवारी चाखून बोलू म्हणून.

तो गुरुवार.

बारा वाजता पहिली तुकडी बसते. पावणेबाराला भाजी बेन मारीत हवी. अकरा वाजता टोमॅटो पडलेला मसाला मोठ्या टोपात खदखदत होता, दुधी-काजूचं वाटण तयार होतं, मटार उकडलेले, पनीर कापून झाकलेलं. नेमका तेव्हा मॅडमचा फोन. फळ्यावर भाजीचं नाव काय लिहायचं, 'हेल्दी' शब्द घालायचा का. मी दारात जाऊन सांगतेय, अहो, हेल्दी लिहिलंत तर निम्मे लोक डाळ-भात खातील. दहा मिनिटं गेली त्यात.

परत आले तर टोपात दही पडलेलं. सगळं, एकदम, फ्रीजमधनं काढलेलं गार, खदखदत्या टोमॅटोत. बेसन ओट्यावर तसंच. दही लावणारा मदतनीस पोरगा हातात रिकामी बादली घेऊन उभा, आणि टोपात पिवळसर पाणी वेगळं, पांढरे दाणे वेगळे. साठेक किलो ग्रेव्ही. अकरा वाजून बारा मिनिटं.

कढी करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, ती सांगेल कुठं चुकलं. दही आंबट, त्यात टोमॅटोचा आंबटपणा, त्यात एकदम आच. दुधातली प्रथिनं एकमेकांना धरून बसतात आणि पाणी बाहेर टाकतात. बेसनाचा स्टार्च त्यांच्या मधे शिरतो, धरू देत नाही. म्हणून बेसन दह्यात आधी फेटायचं, पळीभर गरम ग्रेव्ही दह्यात घालून त्याला कोमट करायचं, आणि पहिली उकळी येईपर्यंत ढवळणारा हात थांबवायचा नाही. हे सगळं मी पोराला दोनदा सांगितलं होतं. पण मे महिना, रात्रीतनं दही जास्तच आंबलं होतं, आणि ते नीट चाखायला हवं होतं मीच. फोनवर मी होते. त्याला ओरडले मात्र भरपूर.

भट्टी बंद केली. बेसन चार तांबे पाण्यात कालवून दुसऱ्या शेगडीवर पिठलं व्हायच्या आत उतरवलं, इतकं शिजवलं की कच्चा वास गेला. ते टोपात. वाटण टोपात. आणि लांब दांड्याचा ब्लेंडर उभा घातला. एरवी तो आम्ही दोन मिनिटं चालवतो. त्या दिवशी महाराज आणि मी आळीपाळीनं अकरा मिनिटं चालवला, मोटरचा वास यायला लागला तेव्हा थांबलो. मग मंद आच, मीठ, मटार, पनीर, कसुरी मेथी. चाखायला वेळ नव्हता. अकरा सत्तेचाळीसला टोप बेन मारीत ओतला, वर तर्री सोडली, आणि मी भांडी घासायच्या मोरीपाशी जाऊन उभी राहिले. खिडकीतून चेहरे बघायचं धाडस नव्हतं.

युनियनच्या काकांनी दुसऱ्यांदा वाटी पुढं केली हे मला वाढप्यानं येऊन सांगितलं. मग मी चाखली. आणि खरं सांगते, चमचा तोंडात तसाच राहिला. सहा किलो काजूच्या भाजीला कधी असा मऊपणा आला नव्हता. काजूची जड साय टाळूला चिकटते. ही चिकटत नव्हती, नुसती पसरत होती. टोप रिकामा गेला.

पुढच्या गुरुवारी सगळं शिस्तीत केलं. ताजं दही, कोमट करून, बेसन फेटून, पोरगा ढवळतोय, मी फोन बंद करून शेजारी. फाटलं नाही. भाजी चांगली झाली. चांगली, पण ती नाही. काका म्हणाले, "मागच्या वेळची वेगळी होती." मला माहीत होतं.

शनिवारी दोन वाट्या शेजारी ठेवून बघितल्या. नवीन वाटीच्या कडेला पाण्याची रेघ सुटली होती. जुनी नऊ दिवसांची, अर्थात चाखली नाही, पण थोडंही पाणी नाही, खरवसासारखी एकसंध.

माझा भाचा फूड टेक्नॉलॉजी शिकलाय. त्यानं सांगितलं की 1980 च्या दशकात दुधाच्या आणि अंड्याच्या प्रथिनांचे अगदी बारीक, मायक्रॉनभर (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे) गोळे करून 'सिम्प्लेस' नावाचा पदार्थ काढला होता. फॅट जवळपास नाही, आणि जिभेला मात्र साय वाटायची. मी अर्थ लावला, आधी फाटू द्या, मग कुस्करा. मला एकदम पटलं. मग तोच म्हणाला, "पण मावशी, तुझ्या ब्लेंडरनं मायक्रॉन होणार नाही, पाच मायक्रॉनही नाही." मुद्दाम फाडून बघितलं, पाच लिटरच्या पातेल्यात. अकरा मिनिटं ब्लेंडर. रवाळ लागलं. आंबट दही घेऊन बघितलं, बेसन वेगळं शिजवून बघितलं. जवळ जायचं, पण जिभेच्या टोकाला दाणा लागायचाच.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पोरगा ओटा पुसता पुसता म्हणाला, "ताई, चिडणार नसाल तर सांगतो." त्या दिवशी दही फाटल्यावर, मी दारातून येण्याच्या आधी, घाबरून त्यानं पनीर कापल्यावर परातीत उरलेला सगळा चुरा टोपात टाकला होता. पांढरं दिसेल, कुणाला कळणार नाही म्हणून. तो चुरा एरवी स्टाफच्या भुर्जीला जातो, त्याचा हिशेब मी विचारते, म्हणून महिनाभर बोलला नव्हता. मी इतका ओरडा केला नसता तर त्याच संध्याकाळी बोलला असता.

शिजून बसलेलं, मऊ, थोडी स्निग्धता धरून असलेलं पनीर, दह्याच्या दाण्यांबरोबर अकरा मिनिटं. त्यामुळे झालं असेल? हिशेब केला. किलोभर धरला तरी ताटामागे सात कॅलरी, मॅडमच्या स्लाइडलाही धक्का नाही. छोट्या पातेल्यात चुरा घालून केलं तेव्हा पहिल्यांदा ती चव ओळखीची वाटली. अगदी तीच का, ते नाही सांगता येत, कारण प्रमाण कुणी मोजलेलं नाही.

काल पोराला परत विचारलं, नक्की किती होता रे चुरा? त्यानं दोन्ही हातांची ओंजळ केली. "एवढा." मग जरा विचार करून ओंजळ रुंदावली. "नाही ताई, एवढा."